मिळवलेला तास

“तास मिळवलास?” एफीने विचारलं आणि पाव गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबला.

“मिळवला ना,” फार्कर म्हणाला. “इश्बेल मिळवायची तसाच. पुस्तिकेत ओहोटी अकरा चाळीसची. तास मिळवून बारा चाळीस. पुढे दोन तास वाट उघडी. घरी उतरलेल्या पाहुण्यांना कार्डावर लिहून दिलंय, दोन चाळीसच्या आत बेटावरून परत या म्हणून.”

एफीने गल्ल्याशेजारची भरती-ओहोटीची पुस्तिका उचलली आणि उघडून त्याच्यापुढे सरकवली. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे जातात. पुस्तिका छापणारे तो तास कधी धरत नसत. ज्याचा त्याने मिळवायचा, ही गावाची जुनी सवय. यंदा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. तास धरलेला आहे.

“मी प्रत्येकाला देताना सांगितलं रे,” एफी म्हणाली. “मार्चमध्ये तूही इथेच उभा होतास. पण तुझं लक्ष नव्हतं.”

मार्चमध्ये त्याची बायको इश्बेल वारल्याला तीन आठवडे झाले होते. पाहुण्यांची कार्डं तोवर तीच लिहायची.

“पलीकडे कोण गेलंय?”

“पिकरिंग. नवरा-बायको. तिचा गुडघा अधू आहे.”

“आणि तिला तू बेटावर पाठवलंस?”

“काल धबधबा झाला. आज तिला चॅपल बघायचं होतं. खडकांवरचे सील प्राणी बघायचे होते.”

दुकानातल्या घड्याळात एक पंचवीस झाले होते. वाट एक चाळीसलाच बंद होणार होती. एफी फोनकडे वळली. “लाइफबोट यायला अर्धा तास तरी लागेल. तू हो पुढे. पळ!”

पाव तिथेच राहिला.

किनाऱ्यावरून बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटलं असतं. अर्धा मैल ओली वाळू, तीत वाट दाखवणारे खांब आणि पलीकडे बेट. पण इथली भरती समोरून येत नाही. ती बेटाच्या दोन्ही अंगांनी शिरते आणि मधल्या घळीत एकत्र होते. बेटावरच्या माणसाला पायाखाली कोरडी वाळू दिसत असते, तोवर घळ भरलेली असते.

ती दोघं चॅपलच्या पडक्या भिंतीवर बसली होती. मिसेस पिकरिंगचं लाल जाकीट लांबूनही दिसत होतं. तिथे फोन लागत नाही. फार्करने दोन्ही हात उंच करून हलवले.

लाल जाकिटातला हात वर झाला आणि तिनेही हात हलवला.

त्यानेच सकाळी नाश्त्याला सांगितलं होतं, आमच्याकडे दिसेल त्याला हात करायचा, नाहीतर लोकांना वाटतं माणूस रुसलाय. दोघं हसली होती. आता त्याने काठाला उभ्या केलेल्या गाडीत बसून भोंगा दाबून धरला. यावेळी नवऱ्यानेही हात केला.

“या! परत या!” तो ओरडला. वारा समोरून होता. शब्द त्याच्याच तोंडावर आले.

मग तो बुटांसकट निघाला. धावायला लागला की छाती भरून यायची, म्हणून भरभर चालत राहिला. घळीशी पोचला तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होतं. तो आत उतरला. कमरेला हात लावून पुढे वाकला, श्वास घेतला आणि पुन्हा चालू लागला.

तेव्हा कुठे ती दोघं उठली. त्याला स्पष्ट दिसलं, तिने रुमाल झटकला. घडी केली. थर्मासचं झाकण लावलं. मग ते घट्ट बसलंय का ते पाहिलं.

“रुमाल टाका, बाई,” तो पुटपुटला. “टाका तो रुमाल.”

घळीच्या पलीकडच्या कडेला तो त्यांना भेटला, तोवर पाणी गुडघ्यावर गेलं होतं. मिस्टर पिकरिंगच्या एका हातात काठी होती, दुसऱ्यात कार्ड.

“दोन चाळीस लिहिलंय हो इथे! अजून पाऊण तास आहे!”

“कार्ड चुकलं. मी चुकलो. चला.”

“पण ही आत्ता कुठे जरा बसली होती…”

“काठी पुढे रोवत माझ्या मागे या. बाई, हात द्या.”

त्याने तिचा दंड धरला. पाणी डावीकडूनही ओढत होतं आणि उजवीकडूनही. घळीच्या मध्यावर ते मांडीला लागलं आणि तिथेच तिचा गुडघा मुडपला. ती त्याच्यावर कलली.

“थांबते जरा.”

“थांबायचं नाही.”

“फार रागीट आहात हो तुम्ही.”

“हो. पाय टाका.”

“आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत माझा हात इतका घट्ट धरला नाही कधी,” ती म्हणाली. तिचे दात वाजत होते.

“ऐकतोय मी,” मागून मिस्टर पिकरिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. पाण्याच्या ओढीने काठी टेकत नव्हती.

“खांब बघा, पाणी बघू नका,” फार्कर म्हणाला. “एक खांब. आता पुढचा. बाई, पुढचा.”

पाणी मांडीवरून गुडघ्यावर आलं, मग पोटरीवर. मागे वळून पाहिलं तर त्यांनी नुकताच सोडलेला खांब अर्धा बुडाला होता. उरलेली वाळू तिघांनी कापली.

एफी काठावर घोंगड्या घेऊन उभी होती. लाइफबोट टोकाला वळसा घालून येताना दिसत होती. एफीने आधी मिस्टर पिकरिंगला गुंडाळलं, मग बाईंकडे आली. पण घोंगडी अंगावर घालता येईना.

“मिस्टर मन्रो,” मिसेस पिकरिंग हळूच म्हणाली, “आलो आपण. आता सोडा.”

“सोडतो,” फार्कर म्हणाला.

बोटं उघडली नाहीत. त्याने पुन्हा “सोडतो” म्हटलं. शेवटी एफीनेच ती एकेक करून सोडवली.