तलावावरचं तेल

सहकारी तेल गिरणीतून सांडलेलं तेल शेजारच्या पाझर तलावात उतरायचं. त्यातलं किती परत मिळेल हे सांगणारा प्रोग्राम गुलाब सरवदेनं संगणकावर लिहिला होता. आज गिरणी बंद होती, तलावाचं पाणी नितळ होतं, म्हणून त्याची चाचणी होती.

सकाळी गुलाबनं डबाभर करडईचं तेल पाण्यावर ओतलं. गिरणीतल्या मुक्ताबाईनं जुन्या सुती लुगड्याचं जुनेर पसरून ते टिपलं आणि डब्यात पिळलं. डबा भरला, तरी तेल येतच राहिलं. दुसरा डबा लावावा लागला.

"मावशी, जास्त कसं आलं?"

"म्या काय घरनं आणलंय व्हय, साहेब?"

गुलाबनं गिरणीच्या कचेरीत जाऊन पाहिलं. संगणकही दोन डबेच म्हणत होता. त्यानं प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली, चूक सापडेना. शेवटी, ओतलेल्या तेलाच्या आकड्याच्या जागी त्यानं शून्य घातलं.

उत्तर आलं, एक डबा.

तो बाहेर आला. "मावशी, आता काही न ओतता नुसतं जुनेर टाका."

मुक्ताबाईनं जुनेर भिजवून पिळलं. तेलाची धार लागली आणि तिचा हात थबकला.

"कोमट हाय, साहेब. बाळाची टाळू भरायला करत्यात तसं." ती पाण्याकडं बघत राहिली. "ह्यो तलाव आमीच खांदला, दुष्काळात. माझी तान्ही हितंच झोळीत गेली. तिच्या टाळूला तेलाचा थेंब मिळाला न्हाय."

बाळाला चोळायला बसतात तशी ती काठावर पाय लांब करून बसली. ओलं जुनेर तिनं पायांवर आडवं घेतलं, त्यावरून तळवा फिरवला.

तळव्याखाली जुनेर लाथा झाडू लागलं.