एक तरी केमिस्ट दाखवा

"एक तरी दाखवा हो, सॉर्बी!" डीन टेगन टेबलावर बोट आपटत म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. तुमच्या विभागातून केमिस्ट्रीत नाव काढलेलं एक तरी कार्टं?"

प्रोफेसर सॉर्बींनी मान वळवली. मागच्या भिंतीवर त्यांच्या नामवंत विद्यार्थ्यांचे फोटो टांगलेले होते. बॅंजोवाला, टीव्हीवर केक शिकवणारी, हॉकीचा गोलकीपर, डुलुथचा महापौर.

"तुमच्याकडून केमिस्ट सोडून सगळं निघतं. शुक्रवारी समितीपुढे एक आणा. नाहीतर विभाग बंद, लॅबमध्ये जिम!"

सॉर्बींनी तीन दिवस फोन फिरवले.

"सर, मी आता वाईन बनवतो. पेटी पाठवू?"

"सर, मी लग्नांत जादू करून दाखवतो. टोपीतून ससा!"

"त्याच टोपीत तोंड खुपस!" सॉर्बींनी फोन आपटला. ह्यांना टायट्रेशन शिकवता शिकवता केस गेले, आणि ही फळं!

गुरुवारी त्यांनी शेवटचा नंबर लावला. विनिपेगला, मार्लिस क्वामला.

"मार्लिस, तू तरी येशील ना गं?"

"येते, सर. काय बोलायचं तेवढं सांगा."

शुक्रवारी मार्लिस आली. बाह्यांवर अ‍ॅसिडने पडलेली बारीक भोकं. ती बघूनच समिती निम्मी विरघळली. असा शर्ट दुकानात मिळत नाही.

विमानाच्या पंखांवर बर्फ धरू नये म्हणून लावायच्या लेपावर आपण काम करतो, असं तिने सांगितलं. माइक बंद पडला, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द न् शब्द पोचला.

समितीतले एक म्हातारे आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात होते. त्यांनी खडा टाकून पाहिला. "पाण्यात अ‍ॅसिड घालायचं, का अ‍ॅसिडमध्ये पाणी?"

"पाण्यात अ‍ॅसिड, आजोबा. मी उलटं केलं होतं, दुसऱ्या वर्षाला. उसळून अंगावर आलं. सरांनी मानगूट धरून नळाखाली घातलं, आणि वर चार शिव्या दिल्या." ती जरा थांबली. "ती लॅब नसती तर मी आज कोणीच नसते."

म्हाताऱ्यांनी नाक पुसलं. मतदान झालं. सगळ्यात आधी हात वर गेला तो डीनचा. सॉर्बी बघतच राहिले. विभागाला पाच वर्षं मिळाली, कागदावर सही झाली, शिक्का बसला.

दोघं जिना उतरत होते, तेवढ्यात मागून डीनची हाक आली.

डीननी मार्लिसचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "बाई, विनिपेगला तुमचं नाटक आम्ही नवराबायकोने तीनदा बघितलं. पण असा अभिनय तिथे एकदाही केला नाहीत हं तुम्ही."