विहिरीचा हुकूम

तलाठ्यानं विहिरीच्या काठावर उभं राहून कागद वाचला. टंचाई संपेपर्यंत आबासाहेबांची विहीर शासनानं ताब्यात घेतली होती. शेळगावच्या खालच्या वस्तीतल्या पंधरा-वीस बाया घागरी घेऊन ऐकत होत्या. ब्याण्णवचा मे. सकाळी आठलाच दगड तापले होते.

"माझ्या आज्यानं खणलेली विहीर," आबासाहेब म्हणाले. "तीन उन्हाळं वस्ती जगवली. कुणी कागद मागितला न्हाय. सरकारनं रस्ता बघावा, चोर धरावा. गावाची तहान गाव भागवतं."

"गाव म्हंजी तुमी," जोतीराम शिंपी म्हणाला. तो जुना समाजवादी कार्यकर्ता. इंदापूरला तहसील कचेरीत आठ खेपा घालून हा हुकूम त्यानंच आणला होता. "आन् तुमची मर्जी."

"मर्जी न्हाय. धर्म."

"मग फुलाबाईची घागर का परत धाडली? तिच्या पोरानं पंचायतीला तुमच्या माणसाइरुद्ध फॉर्म भरला म्हणूनच ना?"

बायांनी फुलाबाईकडं पाहिलं. ती खाली बघत राहिली. महिनाभर ती दीड कोसावरून पाणी आणत होती. मेंढरं विकल्यापासून एवढं चालायची सवय तिला राहिली नव्हती.

"सरकारी पाणी आलं की कुणी कुणाचं ऱ्हात न्हाय," आबासाहेबांचा आवाज चढला. "आज माझी गरज न्हाय, उद्या शेजाऱ्याची न्हाय, परवा आईबापाची न्हाय. गाव मोडाय निगालास तू."

"कुणाचं म्हणून ऱ्हायचंच कशाला? माणूस हाय, जनावर न्हाय दावणीला बांधायला."

"तोंड सांभाळ, जोतीराम!"

"तुमी विहीर सोडा."

आबासाहेब एकदम हसले. "सोडली. घे तुझी विहीर." मग त्यांनी मोटारीच्या पेटीतले फ्यूज काढून खिशात घातले. "कागदात मोटार हाय का बघ."

तलाठ्यानं कागद पुन्हा वाचला. मोटार नव्हती. पाणी साठ फुटांवर होतं, रहाट कधीच मोडलेला आणि पायऱ्या निम्म्यातच ढासळलेल्या. "नवा हुकूम लागंल," तो पुटपुटला. "परवापर्यंत हुईल."

"परवा तर परवा," जोतीराम बायांकडं वळला. "दोन दिस कळ काढा. हक्काचं पाणी हाय, मागायचं न्हाय कुणाला."

"मी आत्ता चालू करतो," आबासाहेब म्हणाले. "या फुलाबाईनं एकदा म्हणावं, आबासाहेब, पानी द्या. बास. सगळ्यांनी भरून न्यावं."

"वैनी, म्हणू नका!"

फुलाबाईनं प्रथमच मान वर केली. "तात्या, तुमच्या आळीला नळ हाय," ती जोतीरामला म्हणाली.

जोतीराम बाजूला सरला.

ती आबासाहेबांपुढं गेली. डोक्यावरचा पदर नीट केला, हात जोडले. "आबासाहेब, पानी द्या."

"आसं," आबासाहेब म्हणाले. फ्यूज बसले, मोटार घुरघुरली आणि पाइपातून पाणी कोसळलं. बाया पुढं धावल्या. फुलाबाई मागं सरली. 'पुढं हो' म्हणालेल्या दोघींना तिनं हातानंच आधी जायला लावलं. जोतीराम पाठ करून उभा होता. आबासाहेब पेटीशेजारी उभं राहून तलाठ्याला सांगत होते, "बघा. मागितलं की मिळतं. कुणाला कागद लागला का?"

घागरी भरून बाया वस्तीकडं निघाल्या. शेवटी फुलाबाईनं आपली घागर पाइपाखाली धरली. घागर निम्मी भरली तेव्हा ती तलाठ्याला म्हणाली,

"भाऊसाहेब, मोटारीचा कागद परवा नगं. उद्याच आना."

आबासाहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि पेटीतलं लाल बटण दाबलं. पाण्याची धार बारीक झाली, मग थेंब पडले, मग तेही थांबले.

जोतीराम वळून पुढं आला. "वैनी, हात लावू का?"

भरली घागर डोक्यावर घ्यायला दुसऱ्या कुणाचा हात लागतो. ही अर्धीच होती. फुलाबाईनं ती एकटीनं उचलली.