अनवाणी घोडा

"अवो, बाहेर या! लोक बगत्यात!" भिमाबाई कारंज्याच्या काठावरून नवऱ्यावर ओरडली.

गहिनीनाथ ऐकतो कसला! गुडघाभर पाण्यात उभा राहून तो वर ब्राँझच्या घोड्याकडे बघत होता. नगरच्या त्या जुन्या कारंज्याच्या मधोमध नवा अश्वारूढ पुतळा बसला होता. उद्या, एकाहत्तर सालच्या पाडव्याला, त्याचं अनावरण. स्वाराच्या फेट्याचं नि तलवारीचं गावभर कौतुक चाललं होतं. पण घोड्याच्या उचललेल्या पायाला नाल नाही, हे कुणाच्या गावीही नव्हतं. ते दिसलं गहिनीनाथला. भिंगारच्या छावणीत बावीस वर्षं त्यानं घोड्यांना नाल ठोकले होते. त्यानं दोन अर्ज दिले. कारकुनानं हसून ते बाजूला सारले. उद्या सारा जिल्हा लोटणार आणि नगरातले नालबंद मेले होते का म्हणून विचारणार, या विचारानं त्याच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. शेवटी स्वतःच नाल, खिळे आणि हातोडी घेऊन तो पाण्यात उतरला.

हातोडी उगारलेली पाहून मूर्तिकार धावतच आला. "बाबा, थांबा! ती चूक नाही!"

"नाल न्हाई, आन् चूक न्हाई? घोडा अनवानी लढाईला जातो व्हय?"

मूर्तिकाराला हसू आलं. काठावर टेकून तो सांगू लागला. सात वर्षांमागं भिंगारच्याच एका घोडीवरून त्यानं ही मापं घेतली होती. त्या दिवशी तिचा खूर चिरला होता. साहेबाला ती परेडसाठी हवी होती. नालबंद म्हणाला, दुखऱ्या पायात खिळा ठोकणार नाही. साहेबानं त्याला तिथल्या तिथं नोकरीवरून काढलं, तरी त्या बहाद्दरानं हातोडी काही उचलली नाही.

"मी लांबून बघत होतो. तेव्हाच ठरवलं, माझ्या घोड्याचा हा पाय मोकळाच राहणार. त्या माणसाचा पुतळा दुसरं कोण उभारणार? नाव तेवढं विचारायचं राहिलं. तुम्ही ओळखता त्याला?"

गहिनीनाथनं उगारलेली हातोडी हळूच खाली घेतली. त्याचे डोळे भरून आले. उत्तर दिलं ते भिमाबाईनं, डोक्यावरचा पदर नीट करून.

"वळखते की! त्या पायापायी सात वर्सं रोज माजी बोलनी खात्यात. ह्ये काय, पान्यात उभे हायती."