घड्याळाला न कळलेला हव

भार्गव पडला. पण तो पडलाच नाही असं आपण धरून चालू, कारण तोही तसंच धरून चालला होता. पहाटे रायपूरच्या बूढा तालाबाभोवतीच्या रस्त्यात एक गाय बसली होती. तळ्याला फेऱ्या मारत धावणारा भार्गव तिच्यावरून पलीकडे गेला आणि आता गुडघा धरून, जणू स्वतःच्या मर्जीनं बसल्यासारखा बसला होता. गाय उठलीसुद्धा नाही.

घड्याळाला मात्र हे नाटक पटलं नाही. शंभर किलोमीटरच्या शर्यतीच्या तयारीसाठी घेतलेलं ते घड्याळ. झोप, धाप, नाडी, सगळं मोजायचं. त्यानं हिंदीत विचारलं, "आप ठीक हैं?"

"हव," भार्गव म्हणाला.

घड्याळानं पुन्हा विचारलं. भार्गव पुन्हा हव म्हणाला. हव म्हणजे हो, हे रायपुरात भाजीवालीपासून वकिलापर्यंत सगळ्यांना कळतं. घड्याळाला हां चालत होतं, येस चालत होतं. हव चालत नव्हतं. घामेजलेल्या बोटाला त्याचा पडदाही दाद देईना. शेवटी माणूस पडला आहे आणि उत्तर देत नाही, असं कळवायला त्यानं परस्पर फोन लावला.

पंचाईत इथे झाली. संकटात कोणाला कळवायचं, हे सांगितल्याशिवाय घड्याळ सुरूच होत नव्हतं, आणि भार्गवला एकच नंबर पाठ होता. बाबांचा. रेल्वेत लागलेली नोकरी सोडून पोट्टा शर्यती पळत सुटला, तेव्हापासून बाबा, म्हणजे शालिग्राम, त्याच्याशी बोलत नव्हते. पोलीस मागे लागले किंवा गाडी सुटली तरच माणूस पळतो, हे त्यांचं शेवटचं म्हणणं. त्यानंतर वरणात मीठ कमी आहे, हेसुद्धा एका ताटाच्या अंतरावरून आईमार्फत कळवलं जायचं.

स्कूटर आली. अंगात बनियन, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आईची. शालिग्रामनी आधी गाईला हात लावून पाहिला, मग पोराच्या गुडघ्याला.

"काहून बोलला नाही त्या घड्याळाशी?"

"हव म्हटलं ना, बाबा. त्याले समजत नाही."

"मले समजते," शालिग्राम म्हणाले. "मले कुठं म्हटलं तू?"

मग त्यांनी पोराला हात धरून उभं केलं.

उरलेल्या फेऱ्या भार्गवनं लंगडत पुऱ्या केल्या. मागून स्कूटर, तिचा दिवा आणि पाऊल कसं टाकावं याच्या अखंड सूचना. ज्यांनी जन्मात बस पकडायलाही धाव घेतली नव्हती, त्यांच्या सूचना.

घराशी आल्यावर भार्गव म्हणाला, कंपनीला लिहितो, हव शिकवा म्हणून. शालिग्रामनी त्याला थांबवलं. रेल्वेच्या दफ्तरात त्यांची सारी उमर अर्ज लिहिण्यात गेली होती. हे पोरासोरांचं काम नव्हे. स्कूटरवरूनच त्यांनी मजकूर सांगितला आणि भार्गवनं तो मोबाइलवर उतरवला:

"विषय: हव या शब्दाबाबत. महोदय, अर्जदाराचा मुलगा ठीक आहे. तरी नम्र विनंती की, सदर घड्याळास हा शब्द यापुढेही कधी शिकवण्यात येऊ नये."