अर्धं राहिलेलं आख्यान

बुवांनी आख्यान रंगात आणलं, राक्षसांनी प्रल्हादाला कड्यावरून ढकललं, आणि नेमकी तेव्हाच कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती उघडीवाघडी बाई आली. आप्पांनी घाईघाईनं कीर्तन बंद केलं आणि पडद्यावर आपलं उपरणं टाकलं. हे कीर्तन इंटरनेटवरून फुकटात उतरवून घेताना भलतंच हिरवं बटण दाबलं गेलं होतं. तेव्हापासून रोज हीच विटंबना.

"आप्पा, चहा." सून आत आली आणि उपरणं घसरलं.

धरणीनं पोटात घ्यावं, असं आप्पांना झालं. "विठ्ठलाची आण, पोरी, मी असलं काही..."

ती खुर्चीत बसली. त्या बटणासरशी आत घुसलेला जाहिरातींचा प्रोग्राम तिनं शोधला आणि मुळासकट काढून टाकला. पडदा निर्मळ झाला.

"फसवी बटणं असतात हो. मीही फसलेय."

"तुला वाटलं असेल, म्हातारा चळला."

"छे! मी रोज स्वयंपाकघरातून ऐकते की तुमचं कीर्तन. आठवडा झाला, बिचारा प्रल्हाद कड्यावरून पडतोच आहे." तिनं कप पुढे सरकवला आणि खाली मांडी घातली. "लावा पुढचं. देवाला झेलू द्या त्याला."