चोरालाही नको अशी सायकल

"याहून वाईट नाही का एखादी?" हिल्केने विचारलं.

दुकानदार बघतच राहिला. हॉलंडमधल्या लायडन शहरात जुन्या सायकली विकण्यात त्याचा जन्म गेला होता, पण असं गिऱ्हाईक पहिलंच. समोरची सायकल स्वस्त होती, दिसायलाही बरी होती, आणि नेमकं तेच हिल्केच्या वडिलांना, वोपकेंना, खटकत होतं.

"रंग बघा हिचा! दोन दिवस टिकायची नाही," ते म्हणाले. "चोराला बघून कीव आली पाहिजे. ब्रेक आणि चेन मात्र एक नंबर हवेत. पोरीला रोज कामावर जायचंय."

हिल्के वृद्धाश्रमात नवीन लागली होती. तिची सायकल चोरीला गेली की ती चालत निघायची आणि न्याहारी वाढून झाल्यावर पोचायची. असं दोनतीनदा झाल्यावर तिथल्या प्रमुख, टेर हॉर्स्टबाई, तिला स्पष्टच म्हणाल्या होत्या, "पोरगी तू गुणाची आहेस. पण म्हाताऱ्यांना उपाशी ठेवून मला तुझे गुण गाता येणार नाहीत. आता एकदा जरी उशीर झाला, तर दुसरी नोकरी बघ."

शेवटी दुकानाच्या मागून एक ध्यान बाहेर आलं. गंजलेलं, वाकड्या मडगार्डचं, फाटक्या सीटचं. पळायला मात्र झकास. वोपकेंचा चेहरा खुलला. घरी आणून त्यांनी सायकलला दाराचा उरलेला हिरवा रंग फासला आणि सीटवर पावाची रिकामी पिशवी बांधली. "आता खुशाल कुठेही लाव," ते म्हणाले.

उपाय लागू पडला. कालव्याच्या कठड्याला लावलेल्या भल्याभल्या सायकली गेल्या, हिल्केची जागची हलली नाही. ती रोज वेळेवर पोचू लागली. तिचं ते वाहन बघून कामावरची माणसं हळहळायची, आणि हिल्के मनातल्या मनात हसायची.

मग तिचा वाढदिवस आला. वाढदिवस तिचा, म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे केकही तिनेच नेला. सगळे खुर्च्यांचं कडं करून बसले, रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांचंही अभिनंदन करून झालं, आणि टेर हॉर्स्टबाईंनी दार उघडलं. बाहेर लाल रंगाची कोरी करकरीत सायकल उभी होती. वर रिबन.

"त्या सांगाड्यावर तुला बघवत नव्हतं गं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी वर्गणी काढली. आजीआजोबांनीसुद्धा! आणि जुनीची काळजी नको, ती मघाशीच भंगारात दिली."

टाळ्या पडल्या. हिल्के ढसाढसा रडली. किती हळवी पोर, असं म्हणून दोन आजींनीही डोळे पुसले. चोरांपासून वाचायचा उपाय बाबांकडे होता. चांगल्या माणसांपासून कोण वाचवणार?

"रस्त्यावर ठेवली तर सकाळी रिबनसुद्धा उरणार नाही," वोपके म्हणाले. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना शिडीइतका उभा नि अरुंद. बापाने ढकललं, लेकीने ओढलं, आणि सायकल एकदाची घरात आली. वोपकेंनी ती आपल्या पलंगाशेजारी उभी केली.

सकाळी ती उतरवताना जिन्याच्या वळणावर अडकली. हँडल कठड्यात, मागचं चाक भिंतीत. दोघांनी ढकललं, ओढलं, शिव्या घातल्या. हँडलला लोणीही चोपडून झालं. सायकल तसूभर हलली नाही, आणि तिला ओलांडून जायलाही वाट उरली नाही. वर बापलेक, खाली रस्ता, मध्ये सगळ्यांचं प्रेम.

फोन वाजला. टेर हॉर्स्टबाईच होत्या.

"हिल्के, न्याहारीची वेळ टळली! आणि खरं सांग, पहिल्याच दिवशी सायकल चोरीला गेली ना?"

"चोरीला गेली असती ना बाई," हिल्के रडकुंडीला येऊन म्हणाली, "तर मी निदान उशिरा तरी पोचले असते!"